व्हँपायरचा व्ह

"पहिल्या पाच मिनिटांत सभा खिशात टाकतो की नाही बघ!" आरशासमोर उभं राहून जाकिटाची बटणं लावत बंडोपंतांनी जाहीर केलं.

"खुशाल टाका," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "फक्त दादासाहेबांना दुखवू नका म्हणजे मिळवली. पोराचं लग्न आधीच लटकलंय."

"दुखवतो कशाला? माझ्या विषयाचा आणि दादासाहेबांचा काडीचा संबंध नाही!"

बंडोपंतांची सगळीच वाक्यं अशी ठणठणीत असतात. अकोल्याच्या एका वाचनालयात ते ग्रंथपाल होते. तिथल्या धूळ खात पडलेल्या भयकथांच्या कपाटात त्यांना त्यांच्या आयुष्याचा विषय सापडला होता. तो विषय म्हणजे व्हँपायर! रक्त पिणारा, थडग्यातून उठणारा तो साहेबाच्या देशातला प्रकार. लेखकांनी दोन-अडीचशे वर्षांत त्याचं रूप कसकसं बदललं, आधी राक्षस, मग सरदार, मग अगदी बिचारा कसा केला, यावर बंडोपंतांनी एक घसघशीत व्याख्यान तयार केलं होतं. नाव होतं 'व्हँपायर: काल, आज आणि उद्या'.

दुर्दैव एवढंच, की ते व्याख्यान 'काल'च्या पुढे कधी गेलंच नाही. अकोल्यातल्या एका सभेत 'काल' संपायच्या आत अध्यक्ष उठून आभार मानायला लागले होते. दुसऱ्या एका सभेत वीज गेली, आणि वीज येईपर्यंत श्रोतेही गेले. घरी सुलक्षणाबाईंनी तांदूळ निवडता निवडता अनेकदा ऐकायचा प्रयत्न केला, पण तांदूळ आधी संपायचे. आपल्या व्याख्यानातला 'आज' जगाने ऐकलेला नाही, हे बंडोपंतांचं जुनं दुखणं होतं.

आता लग्न का लटकलं होतं ते सांगायला हवं. बंडोपंतांचा मुलगा पियूष हिंजवडीला एका कंपनीत, आणि राहायला मुळशीतल्या भुकूमला, दादासाहेबांच्या माडीवर भाड्याने. माडीवर पियूष, खाली दादासाहेबांची स्नेहल. पुढचं सांगायची गरज नाही. दोन्ही घरांनी होकार दिला, साडीचा रंगसुद्धा ठरला, आणि तेवढ्यात मधे क्रिकेट आलं!

भुकूमच्या यात्रेतल्या सामन्यांना दादासाहेब वर्षानुवर्षं अंपायर. यंदा अंतिम सामना भुकूम विरुद्ध घोटावडे. शेवटचा चेंडू, जिंकायला तीन धावा. फलंदाज शेखर, म्हणजे दादासाहेबांच्या सख्ख्या चुलतभावाचा, भैरूअण्णांचा मुलगा. शेखर दुसऱ्या धावेला जीव खाऊन पळाला, यष्ट्या उडाल्या, आख्ख्या गावाने श्वास रोखला, आणि दादासाहेबांनी बोट वर केलं. रनआउट! स्वतःचा पुतण्या, स्वतःचं गाव, आणि कप गेला घोटावड्याला.

त्या संध्याकाळपासून भावकीने दादासाहेबांशी बोलणं टाकलं. कोणी त्यांना चहाला बोलवेना, की त्यांच्या दारात पाय ठेवेना. आणि मुळशीत भावकी रुसली की लग्न होत नाही. कार्याची सुरुवातच हळद फोडण्यापासून होते, आणि ती फोडायला भावकीतल्या पाच सवाष्णी लागतात. "पाच सवाशिणी काय पुन्याहून भाड्यानं आनू?" दादासाहेब म्हणाले आणि तारीख काढायचं थांबले. पियूषने जेवण निम्मं केलं. स्नेहल दोन घरांत हेलपाटे घालून दमली. बंडोपंत मात्र म्हणाले, "क्रिकेटवरून एवढं? मला त्या खेळातलं काही कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नाही."

अशात शेखरच्या तरुण मंडळाचा वर्धापनदिन आला. ठरलेल्या वक्त्याने आयत्या वेळी टांग मारली. दादासाहेबांशी भांडण असलं तरी शेखरची आणि पियूषची दोस्ती शाबूत होती. पियूषने वडिलांचा नंबर दिला, आणि शेखरने चालत्या ट्रॅक्टरवरून फोन लावला.

"काका, विषय काय टाकू फ्लेक्सवर?"

"व्हँपायर! काल, आज आणि उद्या!"

ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज आला. "काय सांगता! आमच्या गावात? ह्या टायमाला?"

"का? भीती वाटते?"

"आमाला कशाची भीती! ज्याला वाटायची त्याला वाटंल. तुमी बोला बिनधास्त! समदं गाव गोळा करतो!"

भुकूमच्या बोलीत अंपायरला हंपायर म्हणतात. शहरातले शिकलेले लोक त्यालाच नाकातून व्हंपायर म्हणत असतील, असा शेखरचा समज झाला, आणि त्याने फ्लेक्सवाल्याला आपल्या मते शुद्ध करून शब्द दिला. त्यामुळे रविवारी दुपारी बंडोपंत सपत्नीक भुकूमच्या फाट्यावर रिक्षातून उतरले, तेव्हा त्यांना आपला हसरा फोटो दिसला आणि खाली ठळक अक्षरं, 'अंपायर: काल, आज आणि उद्या'!

"व्ह खाल्ला!" बंडोपंत किंचाळले.

"अंपायर म्हणजे क्रिकेटमधला ना हो?" सुलक्षणाबाईंनी शंका काढली.

"छपाईची चूक आहे ती. लोकांना कळतं!"

ते खांबावर चढून पेनाने 'व्ह' घालायच्या बेतात होते. लग्नाच्या पंगतीत पत्रिकेतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढून दाखवणारा माणूस तो! सुलक्षणाबाईंनी जाकीट ओढून त्यांना खाली आणलं. पियूष असता तर घोळ तिथेच उघडा पडला असता, पण नेमकं त्याला ऑफिसात रविवारचं काम निघालं होतं आणि तो उशिरा येणार होता.

देवळापुढचं पटांगण तुडुंब भरलेलं पाहून बंडोपंतांचा ऊर भरून आला. म्हातारेकोतारे, बाया, पोरं, एवढंच काय, म्हशीचं दूध काढायचं सोडून आलेले लोक! साहित्याची एवढी भूक? अकोल्याने त्यांना ओळखलं नाही, पण मुळशीने ओळखलं! पहिल्या रांगेत दादासाहेब पांढरी टोपी घालून ताठ बसले होते. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. फ्लेक्स त्यांनीही वाचला होता, पण होणारे व्याही बोलणार म्हटल्यावर न येणं बरं दिसलं नसतं.

बंडोपंतांनी माईक हातात घेतला. माईक आधीच खरखरत होता.

"मंडळी, फ्लेक्सवर एक अक्षर इकडचं तिकडं झालंय, पण आपण सुज्ञ आहात. तर मुळात हा व्हँपायर आला कुठून? राजवाड्यातून? नाही! तो तुमच्या-माझ्यासारखाच खेड्यातला, साधा शेतकरी!"

"बराबर!" मागून आवाज आला.

"जुन्या लोककथांत तो काही देखणा नव्हता. अंगाने आडवा, तोंडाने लालबुंद!"

शे-दीडशे माना दादासाहेबांकडे वळल्या. दादासाहेब अंगाने आडवे होतेच, आणि आता तोंडाने लालबुंद व्हायला लागले होते.

"आणि हा उठला की पहिल्यांदा कोणाच्या मुळावर येतो? परक्याच्या? छे! सगळ्यात आधी तो स्वतःच्या भावकीचं रक्त पितो!"

पटांगण फुटलं! शिट्ट्या, टाळ्या, "पिलं! पिलं!"चा गजर! शेखर तर खुर्चीवर उभा राहिला. लोककथांवरच्या विवेचनाला असा प्रतिसाद बंडोपंतांना स्वप्नातही मिळाला नव्हता. त्यांच्या अंगात वारं शिरलं.

"पुढे एकोणिसाव्या शतकात लेखकांनी त्याला उचलला आणि सरदार केला. काळा झगा, गोरापान चेहरा, बोलायला गोड, पण आतून पाषाण! त्याच्या पाया पडा, गयावया करा, त्याने एकदा ठरवलं की ठरवलं!"

"बोट वर म्हंजी वर!" कोणीतरी ओरडलं. बोटाचं काय ते बंडोपंतांना कळलं नाही. इकडची म्हण असेल, असं समजून त्यांनी मान डोलावली.

"आरशात त्याचं तोंड दिसत नाही, असंही मानतात!"

"दिसंल कसं?" भैरूअण्णांच्या बायको गोजराबाई बायकांमधून कडाडल्या. "तोंड दाखवायला जागा ऱ्हायलीय का!"

"त्याला ऊन सहन होत नाही ही मात्र सिनेमावाल्यांची भर. आणि तो घराजवळ फिरकू नये असं वाटत असेल, तर दाराला लसूण टांगा!"

इथे मात्र सभा थोडी अडखळली. एक म्हातारबाबा शेजारच्याला म्हणाले, "लसूण? आपला दादासायेब तर लसणाची चटनी वाटीनं खातो की रं."

"गप ऐका, बाबा," भैरूअण्णांनी दटावलं. "ते फॉरेनच्या हंपायरचं चाललंय."

बायकांच्या घोळक्यात सुलक्षणाबाईंच्या शेजारी स्नेहल बसली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. पियूषकडून तिने होणाऱ्या सासऱ्यांचा विषय ऐकलेला होता, त्यामुळे आख्ख्या पटांगणात खरा प्रकार एकट्या तिला कळत होता.

"काकू, घात झाला," ती कानात कुजबुजली. "काका भुताबद्दल बोलतायत, आणि गाव माझ्या आबांबद्दल ऐकतंय!"

सुलक्षणाबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो पडताच त्यांना दरदरून घाम फुटला. त्या उठून दोन्ही हात हलवायला लागल्या. बंडोपंतांना वाटलं, बायको कौतुकाने हात हलवतेय. त्यांनीही हात हलवला. मग सुलक्षणाबाईंनी तोंडावर बोट ठेवून गप्प बसायची खूण केली. बंडोपंतांनी माईकमधून सांगितलं, "सौभाग्यवती म्हणतायत, मागच्यांनी शांतता राखा!" सुलक्षणाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"आणि आता अखेरचा उपाय!" बंडोपंतांचा आवाज टिपेला पोचला. "लाकडाचा टोकदार दांडा घ्यायचा, आणि थेट त्याच्या छातीत ठोकायचा!"

मंडळाच्या क्रिकेटच्या सामानाची पिशवी मांडवाच्या कडेलाच पडलेली होती. एका उत्साही कार्यकर्त्याने तिच्यातून स्टंप उपसला आणि डोक्यावर नाचवला. "ह्योच का काका?"

"अगदी तसाच!" बंडोपंत आनंदाने ओरडले.

दादासाहेब उठले. त्यांनी खांद्यावरचा पंचा झटकला आणि बायकांकडे बघून हाक मारली, "स्नेहल, चल घरी. हितं सोयरीक न्हाई व्हायाची."

सुलक्षणाबाई मटकन खाली बसल्या. पोराचं लग्न डोळ्यांदेखत बुडत होतं. आणि बंडोपंतांना काय दिसलं? त्यांना फक्त एक श्रोता उठून जाताना दिसला, आणि तोही पुन्हा नेमका 'काल' संपताना! त्यांचा इतका वेळचा सगळा ताठा गळून पडला.

"दादासाहेब, जाऊ नका हो!" त्यांनी माईकसकट हात जोडले. आवाज खरोखरच भरून आला होता. "सगळे इथेच उठून जातात. उभ्या हयातीत माझा 'आज' कोणी ऐकलेला नाही. तेवढा ऐका, मग हवं तर माझं तोंड बघू नका!"

एवढा शिकलेला, पिकल्या केसांचा माणूस गावासमोर हात जोडतोय म्हटल्यावर दादासाहेबांचा पाय अडखळला. ते बसले नाहीत, पण गेलेही नाहीत. पाठ फिरवून तसेच उभे राहिले.

बंडोपंत आता ओरडत नव्हते. 'आज' कसा बोलायचा याची त्यांना सवयच नव्हती, त्यामुळे तो साध्या आवाजात आला.

"काळ बदलला तसे लेखक बदलले. कोणीतरी पहिल्यांदाच विचारलं, की अरे, ह्याला स्वतःला काय वाटत असेल? तोवर ज्याने त्याने त्याची गोष्ट सांगितली, ती आपल्याला झालेल्या जखमेची. त्याला कोणी बोलूच दिलं नव्हतं. मग गोष्टी त्याच्या तोंडून यायला लागल्या, आणि वाचणाऱ्यांना कळलं, की हा हौसेने कोणाचं वाईट करत नाही. तो जो आहे तो आहे, ते त्याला टाळता येत नाही. आपल्याच माणसाला दुखवताना त्याचाही जीव तुटतो. मग सगळं गाव निजतं, आणि हा एकटा जागा राहतो."

"आबा जागेच असतात हो रात्रीचे," स्नेहल हुंदका देत म्हणाली. ती हळू म्हणाली, पण पटांगणात इतकी शांतता होती की ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"आणि त्याचा एक जुना नियम आहे," बंडोपंत पुढे म्हणाले. "कोणाच्याही घरात तो आपण होऊन शिरू शकत नाही. घरातल्या माणसाने त्याला 'ये' म्हणावं लागतं. कोणी म्हणेपर्यंत तो बिचारा बाहेरच. दार सताड उघडं असलं तरी उंबऱ्याच्या बाहेर उभा!"

दादासाहेबांनी पंच्याचं टोक डोळ्यांना लावलं. पाठमोरे होते तरी ते सगळ्यांना दिसलं. स्टंपवाल्या कार्यकर्त्याने स्टंप गुपचूप पिशवीत घातला.

शेवटी भैरूअण्णा उठले. घसा खाकरला, पागोट्याखाली डोकं खाजवलं, परत घसा खाकरला.

"दादासायेब, शेखर आउट व्हता का न्हवता, ते मी आजबी बोलनार न्हाई!"

"नगं बोलूस," दादासाहेब पाठमोरेच म्हणाले.

"पन घरी ये. समद्यांम्होरं म्हनतोय, ये!"

दादासाहेब वळले. दोघा भावांनी मिठीबिठी मारली नाही, तसली पद्धत नाही तिकडे. भैरूअण्णांनी फक्त तंबाखूची चंची पुढे केली आणि दादासाहेबांनी तिच्यातून चिमूट घेतली. एवढ्यावर आख्ख्या पटांगणाने सुटकेचा श्वास सोडला. शेखरने येऊन चुलत्याचे पाय धरले. तिकडून गोजराबाई डोळे पुसत गरजल्या, "आन भावजी, हळद फोडायला कवा यायाचं ते सांगा की! सवाशिणींची काळजी करू नगा, पाचाच्या जागी पन्नास आनते!"

स्नेहलने सुलक्षणाबाईंच्या गळ्यात हात टाकले आणि दोघी एकाच वेळी रडायला आणि हसायला लागल्या. तेवढ्यात घामाघूम पियूष आला. सगळं गाव डोळे पुसतंय आणि बाप व्यासपीठावर हार घालून उभा आहे, हे बघून तो घाबरला. "बाबा, काय केलंत?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"'आज' ऐकवला!" बंडोपंत कृतार्थपणे म्हणाले.

शेखरने येऊन त्यांना नारळ दिला. "काका, मानलं! हंपायरवर असं आजवर कोन बोललं न्हाई!"

"व्हँपायर," बंडोपंतांनी दुरुस्ती केली.

"त्येच की, हंपायर. यष्टीमागं उभा ऱ्हातो त्यो!"

बंडोपंत 'यष्टी' शब्दाशी थांबले. त्यांनी व्यासपीठामागच्या फ्लेक्सकडे पाहिलं, दादासाहेबांच्या पांढऱ्या टोपीकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. सुलक्षणाबाईंनी सावकाश मान हलवली, वरून खाली, अगदी स्पष्ट. भावकीचं रक्त! लाकडाचा दांडा! तोंड लालबुंद! आपण काय काय बोललो ते त्यांना क्रमाने आठवत गेलं, आणि लग्न कुठवर जाऊन परत आलं तेही कळलं. देवळाच्या पायरीवर बसून ते दोन तांबे पाणी प्याले. वाचलो, एवढा एकच विचार त्यांच्या डोक्यात होता.

पण जित्याची खोड! थोडं पाणी पोटात गेल्यावर त्यांचा हात माईककडे वळलाच. "गैरसमज दूर केला पाहिजे. मी त्या अर्थाने बोललोच नव्हतो!"

"बोलून तर बघा," सुलक्षणाबाई दात आवळून म्हणाल्या. "मग घरात कोण रक्त पितं ते दाखवते."

बंडोपंतांनी हात खाली घेतला.

संध्याकाळी भैरूअण्णांच्या ओट्यावर दोन्ही घरांची पंगत बसली. बाजरीची भाकरी, मासवडीचा रस्सा, आणि लग्नाची तारीख एका घासाला निघाली. गोजराबाई वाढत होत्या, पियूष तिसरी भाकरी मागत होता, आणि बंडोपंतांना भाकरी इतकी गोड कधी लागलीच नव्हती. आता काही होत नाही, असं म्हणून त्यांनी मांडी सैल केली.

"व्याही, एक विचारू?" शेजारून दादासाहेब हळूच म्हणाले. "बाकी समदं पटलं. पन त्यो छातीत दांडा ठोकायचा नियम... त्यो कंच्या बोर्डाचा हाय?"

बंडोपंतांनी हातातला घास परत ताटात ठेवला. समोरून सुलक्षणाबाई डोळे वटारून बघत होत्या. खरा शब्द त्यांच्या जिभेच्या टोकावर आला होता, 'व्ह'सकट.

"परदेशी बोर्डाचा," बंडोपंत तो गिळून म्हणाले. "पण काळजी करू नका, दादासाहेब. रद्द झालाय तो आता!"